गाभण म्हशीचं माप

शेवाळाचा ओला वास आला, की मला भूम गावाजवळचं ते तळं आठवतं. देवमाशांची मापं घेणाऱ्या संशोधन-बोटीवर मला कामाची जागा हवी होती, म्हणून ड्रोननं वरून फोटो घेऊन लांबी-रुंदीवरून तब्येत ओळखण्याचा सराव मी तिथं डुंबणाऱ्या म्हशींवर करत होते. सरावाची मापं बोटवाल्यांना संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. वारा वाढत होता, बॅटरी उतरत होती आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं. तेवढ्यात म्हशींची मालकीण काठावरून ओरडली, "ए पोरी, खाली घे ते! गाभण हाय ती." "मावशी, अंगानं चांगली भरलीय का, एवढंच बघते," मी कसंबसं म्हणाले. "तेच बघायचं नसतंय! नजर लागती. ती पलीकडची भाकड मोज, तिला कोण बघतंय?" मी भाकड म्हैस मोजली, तीच मापं पाठवली, आणि बोटीवर जागा मिळाली. आता समुद्रात देवमाशाची गाभण मादी दिसली, की तिची रुंदी मी नोंदवते, पण मोठ्यानं कुणाला सांगत नाही.