कुंकू धाकटीला लागलं

रुख्मिणी ही इंझोरीच्या नानाजींची थोरली लेक. पण नवख्या माणसाला ते सांगावं लागे. विजयमाला तिच्या पाठची, आणि उंचीने तिच्यापेक्षा वीतभर जास्त. लहानपणीच रुख्मिणीला रगताची आव लागली ती कायमची. एखादा महिना बरा जायचा, घरचे हुश्श करायचे, की पुन्हा पोटात कळा आणि पुन्हा रगत. वैद्य संग्रहणी म्हणाला आणि डाळिंबाची साल देऊन मोकळा झाला. खाल्लेलं सगळं वाहून जात होतं, त्यात उंची तरी कुठून यावी? गुडघे म्हातारीसारखे सुजत. विजयमाला मात्र शिळी भाकर ठेच्याशी खाऊन फोफावत होती. ताकभात गिळताना रुख्मिणीला धाकटीच्या दातांचासुद्धा राग येई.

आई मनकर्णाबाईने हे दुखणं गावापासून झाकून ठेवलं. पोरीची जात, कळलं तर कोण करील? शिरपूरचे पाहुणे रुख्मिणीला बघायला येणार होते, तेव्हा पोट गप्प राहावं म्हणून तिने आदल्या दिवसापासून लेकीला अन्नाचा कण दिला नाही. तरी ऐन वेळी कळ आलीच. नवं लुगडं नेसलेली पोर मागच्या दाराने पळाली, आणि ओसरीवर पाहुण्यांना गूळपाणी द्यायला विजयमाला गेली.

मुलाची, म्हणजे रामकिसनची, आई बोलायला फटकळ, हाताला त्याहून चपळ.

"उफाड्याची हाये पोरगी. मले पसंत हाये," असं म्हणत तिने करंडा उघडला, विजयमालेच्या कपाळी कुंकू लावलं आणि ओटीत नारळ घातला.

आमच्याकडे कुंकू लागलं म्हणजे सोयरीक ठरली. ते मागे घेणं म्हणजे अभद्र. रुख्मिणी धापा टाकत दाराआड येऊन उभी राहिली. आता बाप सांगेल, ही धाकटी, थोरली आत आहे. नानाजी खाकरले, मिशीवरून हात फिरवला आणि पाहुण्यांपुढे पानाचं तबक सरकवलं.

लग्नात रुख्मिणी करवली म्हणून मिरवली. तिच्यासाठी पुन्हा कोणी आलंच नाही. धाकटी उजवली आणि थोरली घरात, म्हणजे थोरलीत काहीतरी खोट, हे लोकांनी आपणच ठरवून टाकलं. दिवाळीला विजयमाला माहेरी आली, तिच्या जोडव्यांचा आवाज झाला, की रुख्मिणी ताटावरून उठे. तिला वाटे, ते घर माझं, तो रामकिसन माझा, ही पोरं माझी. मी फक्त परसाकडे गेले होते.

तिशीनंतर काही वर्षं आव पुरती थांबली. मनकर्णाबाईने देवीला खण वाहिला. मग रुख्मिणीच्या डाव्या कुशीत एक गाठ हाताला लागू लागली. तिने कोणाला सांगितलं नाही. झाकायला ती आईकडूनच शिकली होती.

त्याच साली विजयमाला सण नसताना आली. बरोबर तिची धाकटी पोर, चंदा.

"बाई, हिले रगत पडून राह्यलं," ती थोरलीला म्हणाली. "तुह्यासारखंच. तुह्याबिगर कोनाले इचारू?"

रुख्मिणीला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायलाच हवं: तिला बरं वाटलं. इतकी वर्षं एकटीच्या वाट्याचं होतं ते अखेर त्या घरात शिरलं. मग तिने पोरीची काडीसारखी मनगटं बघितली आणि तो आनंद नासला.

"झाकू नको," ती म्हणाली. "वाशीमच्या डाक्तरले दाखव. वाढ खुंटन, सांधे धरतीन, डोये लाल होतीन. अन् आव थांबली म्हून पोरगी बरी झाली, असं समजू नको. थांबल्यावरबी लक्ष ठेव, जलमभर."

"कायले? थांबल्यावर काय होते?"

रुख्मिणीने तिचा हात ओढून आपल्या कुशीवर ठेवला.

विजयमालेची बोटं गाठीवर फिरली आणि थबकली. तिला हुंदका फुटला. धाकटी आपल्यासाठी रडते आहे असं वाटून रुख्मिणी जवळ सरकली. विजयमालेने हात सोडवून घेतला, चंदाला उराशी ओढलं आणि तिच्या पोटावरून हात फिरवत रडत राहिली.

रुख्मिणी भिंतीला टेकून बघत होती. त्या दिवशी तिला त्या आजारी पोरीचाही हेवा वाटला.