वाकडा हिवर

हेलनबाईंना आमच्या गावात तेहतीस वर्षं झाली, तरी त्या कुणाचा पत्ता विचारताना घर नंबर विचारायच्या. आमच्याकडे घर नंबर फक्त ग्रामपंचायतीला ठाऊक असतो. बाकीच्यांचा पत्ता म्हणजे अमक्याची विहीर, तमक्याचा बांध, पडका पार. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं यावरच अडलं.

बाई मूळच्या भिंगारच्या, वडील छावणीत कारकून. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेवर आल्या आणि निवृत्त झाल्यावरही गेल्या नाहीत. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. नाव माझं हनुमंत, पण उड्या मारायच्या त्या बाईंनीच. निवृत्तीनंतर ओट्यावर बसून पेपर वाचायचा, एवढाच माझा बेत होता. बाईंनी मला प्रोजेक्टर वाहायला लावला.

निमित्त एका पोरीच्या पेपरचं. ‘तुमच्या परिसरातील वन्य प्राणी’ या प्रश्नाला तिनं लिहिलं होतं, सिंह आणि जिराफ. बाईंना ते फार लागलं. “अहो गुरुजी, हिच्या दारात घोरपड येते,” त्या म्हणाल्या, आणि आठवड्याभरात फिल्मांचं खूळ सुरू झालं. स्वतःचा मोबाईल आणि वनरक्षकानं वापरायला दिलेला झाडाला बांधायचा कॅमेरा, एवढंच भांडवल. एकाआड एक शनिवारी पाच वाजता शाळेच्या मोठ्या वर्गात खिडक्यांना खताच्या रिकाम्या गोण्या लावायच्या, भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि दहा मिनिटांची फिल्म दाखवायची. बाई बाजूला उभ्या राहून बोलायच्या. नियम एकच: शनिवारी जे चादरीवर पाहिलं, ते रविवारी पायी जाऊन पाहायचं. साडेसहाला निघायचं आणि चर्चमधल्या दहाच्या उपासनेची घंटा व्हायच्या आत परतायचं, कारण बाई उपासना चुकवत नसत.

घोरपड झाली, चंडोल झाला, खोकड झालं. पोरांमागून आईबाप आले, मग म्हातारी माणसं आली. आपलंच रान चादरीवर बघायला गाव गोळा व्हायला लागलं. मी तोंडानं कुरकुर करायचो, पण शनिवारी चारलाच गोण्या घेऊन हजर असायचो.

जानेवारीत आठवी फिल्म होती. लांडगीण आणि तिची चार पिल्लं.

यात धोका होता आणि तो बाईंना कळत होता. दिवाळीच्या सुमारास लांडग्यांनी माळावर कळप चारणाऱ्या कानिफनाथाच्या तीन शेळ्या नेल्या होत्या. आमच्याकडचा त्यावरचा इलाज जुना आहे: बिळात धूर करायचा आणि तोंडाला दगड लावायचे. म्हणून बाईंनी जागेचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. या वेळी रविवारची फेरीसुद्धा नाही. आदल्या दिवशी मला फिल्म दाखवून विचारलं, “काही कळत नाही ना कुठलं आहे ते?” मी म्हटलं, बिलकुल नाही. जन्म माझा इथला, पण आयुष्य फळ्यासमोर गेलं. हिवर काय नि बाभूळ काय, मला दोन्ही सारखीच काटेरी.

शनिवारी वर्ग गच्च भरला. पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत होती, पोरं हसत होती. तेवढ्यात पुढे बसलेल्या मालनबाई म्हणाल्या, “अगं बया, ह्यो तर वाकडा हिवर.”

मालनबाई गावच्या जुन्या सुईण. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्माला आलेलं. त्यांनी तोंड उघडलं, मग काय. कुणी म्हणालं, “व्हय की, खाली खडीचा वढा.” कुणी म्हणालं, “वढ्याच्या वरच्या अंगाला.” मिनिटाभरात वर्गानं बीळ हातभर अंतरापर्यंत नक्की केलं. नाव न घेता बाईंनी अगदी आमच्या पद्धतीनं पत्ता सांगितला होता, डाव्या कोपऱ्यात झाड उभं करून.

कानिफनाथ उठला आणि काठी उचलून दाराकडे निघाला. बाई आडव्या गेल्या.

“कानिफनाथ, चूक माझी आहे. माझ्यामुळे जागा कळली.”

“कळली ते बरं झालं, बाई. तीन शेळ्या गेल्या माज्या, त्यातली एक गाभन हुती. आता हिची आरती करू का मी?”

बाई दारातून हलल्या नाहीत. खरं सांगायचं तर मला त्याचंच म्हणणं पटत होतं. पोरं बाईंच्या तोंडाकडे बघत होती. धूर आणि दगड काय असतं ते त्यांनाही माहीत होतं.

मालनबाई गुडघ्यावर हात रोवून उठल्या. “पिल्लं बिळाभाईर याया लागलीत. म्हंजे तीन आठवडं झालं,” त्यांनी बोटांवर मोजलं. “सव्वा महिन्याला अजून पंधरा-सोळा दिस हायेत. कानिफ, बाळंतीन हाय ती. तवर तिच्या दाराशी जायाचं न्हाई.”

“आत्ये, लांडगीन हाय ती.”

“बाळंतीन ती बाळंतीन. पायाळू हुतास तू, दोन जीव वाचवलेत मी त्या राती. येवडा सबुद ऱ्हाऊ दे माजा. म्होरं तुजं तू बग.”

कानिफनाथानं काठी भिंतीला टेकवली. “पंधरा दिस,” तो म्हणाला. “सोळाव्याला मी पहार घिऊन जानार.”

सोमवारी सकाळी बाई छत्री घेऊन त्याच्या गोठ्यापाशी उभ्या. माणसं जास्त असली की लांडगा जवळ येत नाही, तर मी शेळ्यांबरोबर येते, म्हणाल्या. तो म्हणाला, “तुमाला चालवंल का?” बाई म्हणाल्या, “नाही चालवलं तर बसेन.” आणि एकसष्टाव्या वर्षी त्या रोज शेळ्यांमागे माळ तुडवू लागल्या. रविवारी पोरंही गेली. मी एकदा गेलो आणि पायात काटे भरून आलो. रविवारपर्यंत कानिफनाथ फक्त शेळ्यांशीच बोलला. मग पोरांना थांबवून म्हणाला, “ह्ये पाऊल कुत्र्याचं न्हाई. बगा, लांबट हाय.” बाईंनी वही काढून ते लिहून घेतलं. तेव्हापासून शिकवायचा तो आणि लिहून घ्यायच्या बाई.

मी त्यांना म्हटलं, एवढं जमलंय तर मारू नको म्हणून सांगा की त्याला. बाई म्हणाल्या, “पंधरा दिवस दिलेत त्यानं. आणखी कोणत्या तोंडानं मागू?” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “पोरांना पिल्लं मी दाखवली आणि मारायची वाटही मीच दाखवली, गुरुजी.” बाईंचा चेहरा त्या दिवसांत फार उतरला होता. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

फिल्मचा पुढचा शनिवार आला तो चौदावा दिवस. बाईंनी फिल्म केलीच नव्हती. परवा काय होणार ते पोरांना सरळ सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि कानिफनाथानं पुढे येऊन आपला मोबाईल माझ्या हातात दिला. “गुरुजी, ह्ये लावा.”

चादरीवर वाळलेलं गवत आणि आभाळ. कोपऱ्यात त्याचा अंगठा. लांबून लांडगीण आली, तोंडात पिल्लू. गवतात शिरली, मोकळ्या तोंडानं परत गेली. पुन्हा आली. अशा चार खेपा.

“कुठं नेली रं?” कुणीतरी विचारलं. सगळ्या वर्गानं मालनबाईंकडे पाहिलं. त्यांनी परत लावायला सांगितलं, पुढे सरकून डोळे बारीक करून पाहिलं. ना झाड, ना दगड, ना टेकडीची कड. “न्हाई बया,” त्या म्हणाल्या, “वळकाय येत न्हाई.”

“माळावर,” कानिफनाथ म्हणाला.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनी विचारलं, “उद्या कुठे जायचं मग, कानिफनाथ?”

“वाकड्या हिवराला. बीळ मोकळं हाय, पोरांना वाकून आत बगता यील.” तो मोबाईल घ्यायला माझ्याकडे वळला. “पहार काय लागत न्हाई आता.”