जमादार कुणावर ओरडायचा

ही हकीकत मी आजवर कुणालाच सांगितली नाही. विषय निघाला की उठून बाहेर जायचो. गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या वहिनी गेल्या. पुतण्याचा, विनूचा, फोन आला, ‘काका, आई गेली,’ आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याचीच मग इतकी भीती वाटली, की हे लिहायला बसलो. तेराव्याला विनूने आईच्या धाडसाची गोष्ट सांगितली. परसात चोर शिरला, आई मुसळ घेऊन धावली, पडून मनगट मोडलं, पण चोराला पळवून लावलं... सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. मीही डोलावली. चोर कुणी नव्हताच. मी होतो.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं असतील. दादाने शहराच्या टोकाला, जे. पी. नगरात घर बांधलं, तेव्हा आजूबाजूला नुसत्या रिकाम्या साईट आणि कमरेएवढं गवत. माझं बिऱ्हाड निपाणीला, मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, म्हणून राहायला दादाकडे. दादाही तिकडेच दुसऱ्या कारखान्यात. वहिनी दिवसभर तान्ह्या विनूला घेऊन एकट्या. त्या फार घाबरायच्या आणि ते लपवायच्याही नाहीत. म्हणून एकदा निपाणीहून येताना एसटीत मांडीवर डालगं घेऊन बसल्या आणि कोंबड्या घेऊन आल्या. दादा म्हणाला, ‘कुत्रं पाळायचं सोडून हे काय?’ तर म्हणाल्या, ‘कुत्रं भाकरी टाकली की गप बसतंय. हे नाही बसत.’

हळूहळू परसाचं राज्यच झालं. मामलेदारीण नावाची लठ्ठ कोंबडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची आणि कुणी ‘सरक गं बाई’ म्हटल्याशिवाय हलायची नाही. काणीला एकच डोळा, पण अंडं घालायला तिला दादाचं हेल्मेटच लागायचं. ढमी खुडूक बसली की अंड्यांबरोबर एखादा कांदाही उबवायची. आणि जमादार, तांबडा, तुरेबाज कोंबडा. दाणा सापडला की स्वतः न खाता ‘टुक् टुक्’ करून कोंबड्यांना बोलवायचा. कधीकधी दाणा नसायचाच, नुसता खडा दाखवून बोलवायचा, आणि त्या येऊन फसल्या की तोऱ्यात फिरायचा. मी बूट घालायला बसलो की नाडी ओढायला हमखास हजर.

वहिनींना त्याच्या ओरडण्यातला फरक कळायचा. घार दिसली की एक लांब, बारीक आवाज. कोंबड्या जागच्या जागी दबायच्या. मांजर, साप किंवा परका माणूस आला की मान लांब करून ‘कट्-कट्-कटाक’. सगळ्या माना वर. मी चिडवायचो, ‘वहिनी, तो वाऱ्यावर पण ओरडतो.’ त्या म्हणायच्या, ‘जमादार उगाच नाही ओरडत, भाऊजी. बघाच तुम्ही.’

ते बघायचं माझ्या डोक्यात आलं. चाळिशीतला माणूस, पण अक्कल गहाण ठेवली. एका संध्याकाळी लवकर सुटलो, वीज गेली होती, डोक्यावरून घोंगडी घेतली आणि मागच्या भिंतीवरून परसात उतरलो. तिन्हीसांजेला कोंबड्यांना दिसत नाही म्हणतात. जमादाराला मी दिसलो. ‘कट्-कट्-कटाक’... दार उघडलं. वहिनी मुसळ घेऊन, तोंडातून आवाज फुटत नाही अशा, थेट माझ्या अंगावर धावल्या. त्यांचा तो चेहरा बघून मीच घाबरलो. घोंगडी फेकून ‘मी आहे, मी’ म्हणायला हवं होतं. मी पळालो. मागे त्या धुण्याच्या दगडावर पडल्याचा आवाज ऐकला, आणि तरी थांबलो नाही.

घोंगडी गवतात टाकून पुढच्या दाराने, कामावरून आल्यासारखा, आत शिरलो. दवाखान्यात मीच नेलं. खड्डा आला की त्या रिक्षावाल्याला कानडीत म्हणायच्या, ‘स्वल्प निधान, अण्णा,’ जरा सावकाश, आणि चांगल्या हाताने माझी बाही घट्ट धरायच्या.

मनगट वाकडंच जुळलं. पण मला खरी धास्ती होती ती जमादाराची. त्या दिवसापासून मी परसात पाऊल टाकलं की तो नाडी ओढायला यायचा नाही. मान लांब करून ओरडायचा, ‘कट्-कट्-कटाक.’ रोज. सगळ्या कोंबड्या माना वर करून माझ्याकडे बघायच्या. एकदा हाताला प्लास्टर घातलेलं असताना दारात उभ्या असलेल्या वहिनींनी विचारलं, ‘तुम्हांला बघून असं का करतोय हो हा?’ दोन-चार दिवसांत मी दादाला सांगितलं, पहाटेच्या आरवण्यामुळे गवतापलीकडच्या घरातले शेजारी तक्रार करतात. कुणीही तक्रार केली नव्हती. त्या रविवारी जमादार ताटात होता. वहिनींनी डाव्या हाताने मला वाढलं. स्वतः जेवल्या नाहीत. मी जेवलो. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

पुढे कोंबड्या गेल्या, खिडक्यांना जाळ्या आल्या, घर पाडून त्या जागी फ्लॅट झाले. वहिनी शेवटपर्यंत संध्याकाळी एकट्या राहिल्या नाहीत.

जाण्याआधी काही दिवस त्यांना भेटायला गेलो होतो. अंथरुणाला खिळलेल्या. मी खोलीत पाऊल टाकलं तशी त्यांनी उशीवरून मान उचलली, माझ्याकडे एकटक बघितलं आणि घशातल्या घशात आवाज काढला... ‘कट्-कट्-कटाक.’ विनू हसला. ‘आईला कोंबड्या आठवल्या वाटतं! असं कधी केलं नव्हतं, काका.’ तो चहाचं सांगायला आत गेला. मी त्यांचं वाकडं मनगट हातात घेतलं. ‘वहिनी, त्या दिवशी परसात...’ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘जमादार उगाच नव्हता ओरडत, भाऊजी,’ म्हणाल्या. रागाने नाही. मी उत्तर द्यावं म्हणून थांबल्याही. विनू बिस्किटं घेऊन आला आणि मी हात सोडला.

तेराव्याची पंगत उठल्यावर बाल्कनीत गेलो. तिथे ते निपाणीचं डालगं अजून आहे, त्यात कपड्यांचे चिमटे असतात. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. ‘वहिनी, चुकलो,’ एवढंच म्हणायचं होतं. बाल्कनीत कुणीही नव्हतं.

‘काका, काय हवंय?’ आतून विनूने विचारलं.

‘काही नाही रे,’ मी म्हणालो.