कोर्टाच्या व्हरांड्यात आमची भावकी

फौजेत आम्हाला शिकवतात की समोरच्या ठाण्यात जितकी माणसं असतील त्याच्या तिप्पट घेऊन चढाई करावी. घटस्फोटाच्या दाव्यात हा नियम चालत नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मी माझ्या अकलेनं शिकलो, म्हणजे उशिरा शिकलो.

दावा बायकोनं लावला होता. त्याला मी फारशी हरकत घेतली नव्हती. वर्षातला बहुतेक काळ मी सीमेवर, आणि घरी आलो तरी सीमेवर असल्यासारखाच, हे तिचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं. प्रश्न लेकीचा होता. ती सात वर्षांची, आईजवळ शहरात, राजारामपुरीत राहायची. ताबा आईकडंच राहणार, हे माझ्या वकिलांनी आधीच सांगून टाकलं होतं. माझा अर्ज एवढाच होता की या रजेतले उरलेले दिवस तरी पोरीला माझ्याबरोबर, वारणानगरजवळच्या आमच्या गावी, आजीजवळ राहू द्यावं. अर्ज फेटाळला तर भेट पुढच्या रजेला. आणि पुढची रजा कधी, ते आमचे साहेब आणि पलीकडचा शत्रू मिळून ठरवतात.

"रजा संपायच्या आत ऐकून घ्या म्हणून विनंती केली होती, न्यायाधीश मॅडमनी मानली," वकील म्हणाले होते. "आता तुम्ही फक्त एकटे या. साधा शर्ट घाला. आणि मिशीला पीळ देऊ नका."

शर्ट साधा घातला. मिशीचंही ऐकलं. एकट्यानं जायचं तेवढं जमलं नाही. आमच्याकडं सोयरीक असो, बांधाचं भांडण असो नाहीतर दूध संस्थेची निवडणूक, माणसाचं वजन त्याच्यामागं किती पायताणं वाजतात त्यावर ठरतं. एकटा माणूस बैठकीला गेला की पहिला प्रश्न येतो, "तुझं कोण न्हाय का रं?" लेकीच्या बाबतीत हे कुणी विचारू नये म्हणून आदल्या दिवशी मी चुलत्यांना म्हणालो, "तात्या, चार माणसं घिऊन या."

तात्यांनी दोन गाड्या भरून आणल्या.

कसबा बावड्याला कोर्टाच्या फाटकात पहिला फेटा उतरला, तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटलं. मागनं माजी सरपंच उतरले तेव्हा छाती फुगली. भावकीतला पैलवान आला तेव्हा तर त्याचे सुजून मोडलेले कान बघूनच निकाल लागेल असं वाटलं. लागतच होता, पण उलटा.

वकिलांनी ही मिरवणूक बघून कपाळाला हात लावला. "कोण ही सगळी?"

"घरचीच हायत."

"घरीच पाठवा मग."

मी वळणार तेवढ्यात व्हरांड्यातून सासरे येताना दिसले. तात्यांनी लांबूनच हाळी दिली, "ओ पावणं, कुठं तोंड लपवून चाललाय? जेवलासा का न्हाय?"

ही आपुलकी होती. तात्यांनी शेजाऱ्याला नुसतं पेरणीचं विचारलं तरी गल्लीतली कुत्री उठून बसतात. सासऱ्यांनीही त्याच पट्टीत उत्तर दिलं, "जेवलोय की. तुमच्या जिवावर जगतोय व्हय?" सगळी भावकी एकदम हसली. व्हरांड्याच्या भिंती हादरल्या.

त्या भिंतीपलीकडं मुलांच्या भेटीची खोली होती. माझी लेक तिथं समुपदेशक बाईंजवळ बसली होती. मी आत गेलो तेव्हा ती प्लास्टिकच्या घसरगुंडीखाली शिरली होती.

"पप्पा, बाहेर मारामारी चाललीय?"

"न्हाय गं. आजोबा बोलत्यात."

"मग खिडकीतून दिसला तो सुजलेल्या कानांचा माणूस? तो मला न्यायला आलाय?"

"त्यो तुझा काका हाय."

"मला नाही जायचं."

बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं. ते न्यायाधीशांपर्यंत जाणार, हे मला ठाऊक होतं.

आत पुकारा झाला. बायकोच्या वकीलबाई उठल्या. "मॅडम, जमाव आणून दबाव टाकला जातोय. मूल घाबरून लपून बसलंय. अशा घरी ते मुक्कामाला पाठवायचं का?" माझे वकील पंख्याकडं बघत होते.

"माणसं कुणी बोलावली?" न्यायाधीशांनी विचारलं.

सवयीनं माझ्या टाचा जुळल्या. "मी, मॅडम."

"कशासाठी?"

"मी एकटा हाय असं वाटू नये म्हणून."

"आणि मुलीला काय वाटावं म्हणून?"

मी पुन्हा टाचा जुळवल्या. मॅडम बायकोकडं वळल्या. "यांच्या घरी मुलीला धोका आहे असं तुम्हाला वाटतं?"

वकीलबाई तिच्या कानाशी लागल्या. चौकीवर असताना समोरच्या झाडीत काही हललं की श्वास धरून थांबावं लागतं, तसा मी थांबलो. तिनं नुसती मान डोलावली असती तरी अर्ज संपला होता.

"धोका नाही," ती म्हणाली. "त्यांच्या घरात कुणाला हळू बोलता येत नाही, एवढंच. पण हे मला कळायलाच चार वर्षं लागली. मुलगी तर त्यांना रजेपुरती बघते."

मॅडमनी हुकूम सांगितला. मुक्काम नाही. रजा संपेपर्यंत रोज संध्याकाळी आईच्या घराजवळ भेट, बापानं एकट्यानं यायचं. ड्यूटीवर गेल्यावर व्हिडिओ कॉल. मुक्कामाचा विचार पुढच्या रजेला, मुलगी काय म्हणते ते ऐकून.

बाहेर तात्यांनी गाठलं. "जिकलो का रं?"

"तात्या, हळू बोला."

"हळूच बोलतोय की," ते म्हणाले, आणि पार्किंगमधल्या माणसांनी वळून बघितलं.

संध्याकाळी राजारामपुरीत जिना चढून गेलो. दार लेकीनंच उघडलं, पण आईची ओढणी सोडली नाही. ती माझ्या मागं, जिन्यात बघत होती.

"ते सगळे आलेत?"

"न्हाय. मी एकटाच हाय."

"मी बघून येऊ?"

"ये."

ती खालपर्यंत गेली. फाटकातून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, परत वर आली आणि उंबऱ्यावर बसून चप्पल घालायला लागली.

"पण हळू बोलायचं," पट्टा लावता लावता तिनं बजावलं.

मी मान हलवली. तोंडानं व्हय म्हणायचा धीर झाला नाही. ते केवढ्यानं निघेल, याचा माझा मलाच भरवसा नव्हता.