वहीत न लिहिलेले दोन थेंब

खालापूरजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात मी तेवीस वर्षं शेड जुळवण्याचं काम केलं. गिऱ्हाईक रंगवलेल्या पत्र्याचा तुकडा पाठवायचं आणि आम्ही हुबेहूब तोच रंग तयार करून द्यायचा. खात्यात दोघंच होतो, मी आणि कळंबचे दादा. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. नमुना खिडकीपाशी नेऊन कसा बघायचा, ट्यूबच्या उजेडावर विश्वास का ठेवायचा नाही, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं.

माझं बाळंतपण अडलं तेव्हा जुन्या मालकांनी स्वतःची गाडी काढून मला दवाखान्यात पोचवलं होतं. दादांना दुसऱ्या कारखान्यानं दोनदा बोलावलं, मोठ्या जागेवर. ते गेले नाहीत. मालकाला तोंड कसं दाखवू, म्हणाले. मालक गेले, मुलांनी कारखाना विकला, आणि वर्षभरात नवे साहेब आले.

एके दिवशी हे साहेब स्वतः चहाचे कप घेऊन आमच्या टेबलापाशी बसले.

"ताई, तुमच्या दोघांच्या डोळ्यांत जे आहे ते कंपनीत कुठंच लिहिलेलं नाही. ते जपायला हवं," असं म्हणून त्यांनी दोन जाडजूड वह्या समोर ठेवल्या. प्रत्येक रंगाची कृती त्यात लिहायची होती.

त्यांचा आवाज गोड होता. मला तो गोडवाच खुपला. इतकी वर्षं ऑफिसातल्या कुणी आम्हाला चहा विचारला नव्हता. आता लिहून घेतात, म्हणजे नंतर आमची गरज उरणार नाही, एवढं मला कळत होतं.

बसमध्ये मी दादांना विचारलं, "तुम्ही सगळं लिहिणार?"

"मंग? लपवून काय करायचंय गं? माझी दोन वर्षं राहिलीत."

ते खरंच रोज लिहू लागले. तिसऱ्या प्रहरी वही घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जायचे आणि अर्धा अर्धा तास बाहेर यायचे नाहीत. काय बोलणं झालं ते सांगायचे नाहीत, आणि मीही विचारत नव्हते. हळूहळू माझ्या मनानं घेतलं, की दादा स्वतःची दोन वर्षं पक्की करून घेतायत आणि त्यासाठी माझ्याबद्दल काहीबाही सांगतायत. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता. आता मी भूक नाही म्हणून सांगायची आणि नंतर स्टोअरमागे जाऊन एकटी जेवायची. त्यांनी एकदा वालाचं बिरडं पुढं केलं, तर मी हातही लावला नाही.

तशातच मी एका करड्या रंगाची कृती अर्धवट लिहिली. तो रंग फक्त मीच करायची. करडा हा सगळ्यांत लबाड रंग. डब्यात बरोबर दिसतो आणि वाळला की निळा पडतो. म्हणून शेवटी त्यात पिवळ्याचे दोन थेंब लागतात. वहीत मी ते दोन थेंब लिहिले नाहीत. मी नसेन तेव्हा अडू दे यांचं, असं मनात होतं.

मी भावकीतल्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर गेले, त्याच दिवशी त्या करड्याची ऑर्डर निघाली. साहेबांनी दादांना त्या कामाला लावलं आणि सांगितलं, वहीत आहे तसंच करा, स्वतःचं काही घालू नका. माल निळा निघाला. सगळे ड्रम परत आले.

रजा संपवून मी कामावर गेले तर सगळीकडे एकच बोलणं. दादांनी कबूल केलं होतं, "नजर चुकली माझी." त्यांना मेमो मिळाला. सबंध नोकरीतला पहिला. मी दिवसभर टेबलावरचे नमुने जुळवत राहिले. संध्याकाळी बसमध्ये दादा शेजारी येऊन बसले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वहीत दोन थेंब राहिलेत गं."

मी एक थांबा आधीच उतरले.

सकाळी मी थेट केबिनमध्ये गेले. "साहेब, चूक दादांची नाही. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी ती वही उघडून माझ्यापुढं सरकवली, टोपण काढून पेन दिलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता लिहा." मी लिहिलं. त्यांनी वाचून बघितलं आणि वही कपाटात ठेवली. दादांचा मेमो मात्र तसाच राहिला.

दोन महिन्यांनी शेड जुळवणारं मशीन आलं. दादांना मुदतीआधीच निरोप दिला, मला पॅकिंगला टाकलं. डब्यांवर लेबलं लावते. नेमणूक आता ठेकेदाराकडून होते, दर सहा महिन्यांनी.

दिवाळीनंतर मी कळंबला दादांकडे गेले. ते अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होते. मी पण खाली बसून सोलू लागले. सोलता सोलता म्हटलं, "दादा, तुम्ही केबिनमध्ये जायचात, तेव्हा मला वाटायचं माझ्याविरुद्ध सांगताय."

"साहेब मला तुझंच इचारायचे. बाई काय लपवते का, म्हणून. मी नाय म्हणायचो." त्यांनी पुढची शेंग उचलली. "मला पण तुझा भरवसा नव्हता. वाटायचं, तुला पण असंच माझं इचारत असतील, आन तू सांगत असशील."

"मला कुणी बोलावलंच नाही."

"ते आत्ता कळलं."

"मग मेमो मिळाला तेव्हा माझं नाव का घेतलं नाहीत?"

दादा माझ्याकडे नवलानं बघू लागले. "संशय आला म्हून माणसाचं नाव सांगायचं व्हय?"

आतून वहिनींनी चहा आणला. मी तो घेतला, आणि त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवले. बोलणं झालं, पण पूर्वीसारखं नाही. एखादं वाक्य बोलून झालं की दोघंही क्षणभर थांबत होतो, समोरच्यानं त्याचा काय अर्थ घेतला ते बघत.