शालनचे कोरे कॅट

आदल्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको पत्त्यांचा सात-आठ खेळलो. शालननं माझे दोन हात ओढले आणि म्हणाली, "आवं डायवर, ब्रेक लागंना व्हय तुमचा?" जन्मभर जीप चालवली मी, म्हणून हा टोमणा. दुसऱ्या दिवशी दुपारी धुणं वाळत घालताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. दीड महिना झाला. मला एका जागी बसवत नाही. दारात जातो, परत येतो, कशाला उठलो तेच विसरतो...

खेळायचा कॅट वेगळा, तेलकट, फाटका. तिचे कपाटातले वेगळे. शालन पाचगणीच्या एका हॉटेलात खोल्या आवरायची. नव्वद-एक्याण्णव साली एका परदेशी बाईनं जाताना तिला पत्त्यांचा कॅट दिला. भारी अत्तराच्या कंपनीचा, काळी डबी, वर सोनेरी वेल, पन्नीसुद्धा न फाडलेली. असले कॅट बाजारात मिळत नाहीत म्हणे, कंपन्या आपल्या बड्या गिऱ्हाइकांनाच देतात. तिथून असले कोरे कॅट जमवायचा नाद लागला. घड्याळाच्या कंपनीचा एक तर तिनं वेटरला वर्षभर शेंगदाण्याची चटणी खायला घालून मिळवला! मी म्हणायचो, उघड की एखादा, खेळू. एकदा चिडून म्हणाली, "दिसभर लोकांनी वापरल्यालं आवरती मी. चादरी, टावेल, उष्टे गलास. घरात एक तरी वस्तू आसूंदे, जिला कुणाचा हात लागला न्हाई." पुन्हा मी विषय काढला नाही.

ती गेल्यावर तिची धाकटी बहीण कमल कोरेगावहून राहायला आली. जीभ तिखट. बहिणीच्या या नादाला तिनं कायम नावं ठेवली. तेराव्याच्या संध्याकाळी मला म्हणाली, "दाजी, पत्ते म्हंजी जुगार. मेलेल्या माणसाचं असलं घरात ठिवू न्हाई. लुगड्यांसंगं नदीला सोडू उद्या." लोकही तेच म्हणणार होते.

सकाळी उठलो तर गाठोडं दारात बांधून तयार. मी गाठ सोडली, अत्तरवाला कॅट काढला आणि पन्नी टराटरा फाडली.

"आवं दाजी, काय करताय? डोकं फिरलंय का?"

"मेलेल्या माणसाचं न्हाई ह्ये आता. माझं हाय. वापरातलं."

पिसायला गेलो तर पत्ते गुळगुळीत, बोटांतून निसटले आणि ओसरीभर पांगले. मी तसाच उभा. मग कमलनं खाली बसून एकेक पत्ता वेचला, पदराला पुसला. गाठोड्यातले बाकीचे कॅट उचलले, आत जाऊन कपाटात ठेवून आली. पुन्हा बसली. सात-आठाला नको ते सत्तीखालचे पत्ते बाजूला काढले, पिसले, पाच माझ्यापुढं टाकले.

नाक ओढून म्हणाली, "हुकूम बोला, दाजी."