सीटखालची कुरकुर

काल रायपुरात, तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये मुलीच्या सायकलीला ग्रीस लावलं. तो वास बोटांना चिकटला आणि मी चौबे कॉलनीतल्या आमच्या जुन्या अंगणात जाऊन पोहोचले.

तेव्हा भोपाळपासून वेगळं होऊन नवं राज्य झालं होतं. रायपूर राजधानी म्हणून सजत होतं, आणि बाबांच्या ऑफिसातल्या कोणाला इथं ठेवणार, कोणाला भोपाळला पाठवणार, ते ठरायचं होतं. आईची नोकरी इथल्या शाळेत. बाबांना घरात बसवत नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी माझी कुरकुरणारी सायकल धरली. चेनला तेल दिलं, पायडल कसले, तरी आवाज जाईना.

"आता उभी राहून चालव बेटा."

मी सीटवरून उठले आणि आवाज थांबला.

"म्हणजे सीटखालून येऊन राहिला!" त्यांनी सीटचा दांडा उपसला, गंज पुसला, ग्रीस लावून पुन्हा बसवला. मी फेऱ्या मारल्या. सायकल गप्प.

मला वाटलं, बाबा खूश होतील. ते मात्र पाना घेऊन तसेच उभे राहिले. "घरात आणखी काही वाजून राहिलं का?" त्यांनी आईला विचारलं.

"काही नाही वाजत. बसा न घडीभर. धाडलं भोपाळले, तर पाहू."

ते बसले नाहीत. फाटकाच्या बिजागरीत तेल घालू लागले.

पुढं त्यांना भोपाळला जावंच लागलं. आई आणि मी इथंच राहिलो. ते सुट्टीला येणार असले की आई कुरकुरणारं दार सुताराला दाखवत नसे.

"राहू दे," म्हणायची, "त्यायले काम लागते."